शिवला का?

विश्रामबागेत, टायरच्या दुकानावरचा हॉल.
चाळीस खुर्च्या भाड्याच्या, पाठीवर ‘मांगलेकर मंडप’.
माईक अधूनमधून खरखरतो,
म्हणजे पब्लिकपेक्षा जरा जास्त बोलतो.
माझा नंबर पाचवा. खिशात चिठ्ठी:
महापूर, भडंग, बायको, पुन्हा भडंग.
सांगलीत भडंगावर कुणी रुसत नाही.

चौथी शलाका घोरपडे.
बाप जाऊन तीन महिने. सगळ्यांना माहीत.
म्हणाली, “नमस्कार. मला कावळा शिवलाय.”
पुढच्या रांगेतल्या बायकांनी
एकदम पर्सच्या चेनी तपासल्या.

“आत्ता नाही हो. बाबांच्या दहाव्याला.
आयर्विन पुलाखाली, घाटावर, पिंड मांडलेला,
आणि मी लांब, रिक्षात. का?
तर मला शिवला म्हणून.
तिकडं अख्खी भावकी हात जोडून उभी. का?
तर शिवेना म्हणून.”

थांबली. थांबणं तिला येतं.

“बारा वर्षांची होते तेव्हापासून
दर महिन्याला न बोलावता येतो,
परीक्षा बघत नाही, लग्नकार्य बघत नाही,
आणि माझ्या बापाच्या भाताला
दीड तास तारेवर बसून मान वाकडी करतो!
कुणी म्हणालं, पोरीच्या लग्नात जीव अडकलाय.
कुणी म्हणालं, करतो म्हणा, उजवतो म्हणा.
मी रिक्षातनं ओरडले,
अहो काका, मला बोलू द्या की,
ओळख माझी आहे!”

आधी साउंडवाला हसला, मग घाईनं खोकला.
मग हॉल. धरणाचा एकच दरवाजा
उचलावा तसा, एका बाजूनं.
तिसऱ्या रांगेतला सफारीवाला उठला,
अंधारात दुसऱ्याच्या पायांवरनं वाट काढत गेला.
शलाकानं पुढचं वाक्य अर्ध्यात सोडलं.
तिला मी कधी वाक्य सोडताना बघितलं नव्हतं.

मग मी. भडंग चाललं.
टाळ्या तिच्यापेक्षा जास्त पडल्या. सांगतो, कारण पडल्या.

खाली, जुन्या टायरांच्या चळतीला टेकून
सफारीवाला उभा. तिचा सख्खा चुलता.
दोघांत एक चहा, कोण प्यायचं ठरेना.
“तुझी रिक्षा पुढं पाठवली,” तो म्हणाला,
“आणि दर्भाचा कावळा केला.
भटजींना मिरजेला दुसरा दहावा होता, घाई.
मीच शिववला. या हातानं.
तुला, वहिनीला सांगितलं, शिवला म्हणून.”
“खरा आलाच नाही?”
“नाही आला.”

वरनं कुणाच्या तरी विनोदावर पाय आपटल्याचा आवाज.

“घाल की हे त्यात,” काका म्हणाला.
“माझं नाव तेवढं घेऊ नको.”

तिनं माझ्याकडं पेन मागितलं,
माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहायला लागली.
“मिरजेचा दहावा शेवटी ठेवते,” म्हणाली,
“दर्भावर लोक गप्प होतील.”
पेन दोनदा अडलं.
काका म्हणाला, “झटक जरा. येईल.”