दोन हजारांश

पहिल्या वीसेक गोळ्या सुरकुतलेल्याच निघतात.
साचा गार असतो, शिसं बिचकतं,
अंग चोरून बसतं कडेला.
त्या परत भांड्यात. त्यांच्यावर कुणी रागवत नाही.

ऑक्टोबर. ऑन्टोनॅगनवर सरोवराने
सकाळी थोडं बर्फ भिरकावून पाहिलं,
मग विसरलं.
गॅरेजचं दार हातभर उघडं ठेवलंय धुरासाठी,
पंखा पाठीशी.
टायरवाल्या साल्मीने दिलेली चाकांची वजनं वितळतात,
त्यांच्या पोलादी चिमट्या वर येतात
आणि मी त्या तांदळातल्या खड्यांसारख्या वेचतो.
मेणाचा तुकडा टाकला की भांडं भडकतं,
क्षणभर देवळासारखा वास सुटतो.

सगळं नेहमीसारखं. तरी बंदूक वर्षभर
भलतीकडेच बोलते आहे:
शंभर पावलांवर पाच गोळ्या,
पाचही वेगवेगळ्या घरच्या.

मी साच्याला दोष दिला.
त्याची खिट्टी केसभर बाहेर ठोकली, मग अर्धा केस आत.
काडीच्या धुराने पोकळीत काजळ घातलं.
वरच्या पत्तीचा स्क्रू सैल केला, इतका
की ती आपल्याच वजनाने झुलावी.
दोन्ही अर्धुकं मिटून दिव्यासमोर धरली.
फट नाही. उजेडाची रेघसुद्धा नाही.
इतकं घट्ट मिटलेलं
या घरात मी दुसरं काही पाहिलेलं नाही.

शेवटी रविवारी, नाइलाजाने, नळीच मोजली.
तेल लावून मऊ शिशाचा गोळा आरपार ढकलला,
मायक्रोमीटर लावला,
चष्मा पुसून पुन्हा लावला.
तीनशे एकोणऐंशी.
साचा देतो तीनशे सत्त्याहत्तर,
त्याच्या खोक्यावर छापलंय तेवढंच, इमानाने.
साचा चुकला नव्हता.
नळी झिजली होती. शंभर हिवाळे, चार मालक,
त्यातला शेवटचा मी,
काळजी म्हणून जोराजोराने घासणारा.

दुरुस्ती सांगितली तर हसाल.
भट्टीच्या नळकांड्यांना लावतात ती चंदेरी चिकटपट्टी,
तिचे नखाएवढे चार तुकडे
एका अर्धुकाच्या तोंडावर, कोपऱ्यांत.
आता दोन भाग मिटतात, पण पुरते भेटत नाहीत.
दोन हजारांश इंच.
एवढं राखलं की मधली पोकळी
त्या म्हाताऱ्या नळीला पुरते.
मला वाटलं होतं शिसं त्या फटीतून गळेल.
नाही गळत. ते आपलं आपण
कडेशी थबकतं.

लेम्पी मधल्या दारात येते, उंबऱ्याच्या पलीकडे.
हातांना पीठ, अंगाला वेलदोड्याचा वास.
"झालं का?"
मार्चपासून ती शिवणाच्या खोलीत झोपते.
माझं घोरणं, असं आम्ही मुलाला सांगितलंय.
खरं कारण विचारलं तर
दोघांनाही धड सांगता येणार नाही;
कुठे आपटलं, कुठे पोचा आला,
असं काही सापडतच नाही.

मी तिला नवी गोळी दाखवतो, सांडशीत धरून.
गुळगुळीत. फक्त कडेला एक पापुद्रा,
नखाने निघेल इतका.
ती वाकून बघते, हात न लावता.
"ही रेघ राहणार?"
राहणार, मी म्हणतो. बिघडत नाही तिने काही.

"शिशाचे हात. आधी धू."
आणि आत वळून
मला कशाला शिवावं लागू नये म्हणून
मोरीवरचा नळ कोपराने उघडून देते.

पट्ट्या एक हंगाम टिकतात, साल्मी म्हणाला होता.
मग जळतात. पुन्हा कापायच्या.

पाणी ऊन होईपर्यंत मी हात पुढे धरून उभा.
ती बाजूला, वीतभर अंतरावर, ओट्याला टेकून.
फडक्याखाली पावाची कणीक फुगते आहे.
किती वेळ लागेल, मी विचारतो.
अर्धा तास, ती म्हणते. कदाचित जास्त.
घर गार आहे.