थुंकू नये

आधी वाटलं, कुणीतरी पान खाऊन पिचकारी मारलीय.
केनेलच्या तिन्ही भिंतींवर, गुडघ्याच्या उंचीला,
पंख्याच्या पात्यासारखे पसरलेले शिंतोडे.
मी बंदरात वाढलेला माणूस. खडूनं लिहिलंसुद्धा:
येथे थुंकू नये.

मग लवंगनं मला पाहिलं
आणि शेपटी हलवली.
थाड, सिमेंट. थाड, सिमेंट.
एक ताजा थेंब माझ्या खाकी बाहीवर.

परळच्या तारापोर डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मार नाही, चावा नाही. आनंद आहे हा.
जागा चार फूट, आनंद सहा फूट.
मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा. पट्टी सैल,
आवळलीत तर टोक थंड पडेल,
रोज बोटांनी बघा, ऊब आहे ना.
वरून सिरिंजचं रिकामं नळकांडं, भोकं पाडून.
नाहीच भरलं, तर चार बोटं शेपटी कापू.

चार बोटं.
त्या चार बोटांवर तर माझी नोकरी.
मिरीच्या गोणी, रबराचे गठ्ठे, कंटेनरचं तापलेलं लोखंड,
वास लागला की ती बसायच्या आधी
टोक थरथरतं, गवंड्याचा ओळंबा
थांबता थांबता थरथरतो तसं.
अहवालात हे मी कधी लिहिलं नाही.

कुर्ल्याहून जुन्या गाद्यांचा फोम आणला,
भिंतींना ठोकला, वर रेक्झिन, पुसता यावं म्हणून.
दार उघडून आधी तिला अंगणात येऊ द्यायचं, भेट नंतर.
पण खरं पथ्य माझंच:
येताना नाव घ्यायचं नाही. शीळ नाही.
डब्याचा आवाज नाही.
चेहरा, बँकेच्या रांगेत असतो तसा.

अठरा दिवस मी तिच्याकडे असा गेलो
जसे वडील गोदीतून घरी यायचे:
चपला काढून, न बोलता, थेट मोरीकडे.
आम्ही चौघं भावंडं दाराशी.
त्यांना कुणी काय पथ्य सांगितलं होतं, कोण जाणे.

एकोणिसाव्या दिवशी पट्टी सोडली.
टोकाला केस नाहीत. गुलाबी कातडी,
नख गळून नवं येतं तेव्हा असते तशी.
बाहेर, भाऊच्या धक्क्याकडून येणाऱ्या वाऱ्यात
मी हाक मारली. एकदाच.
शेपटी इकडून तिकडे गेली
आणि कशालाच लागली नाही.

खडूची ती ओळ फोमखाली अजून असेल.
पुसायची राहिली.