धातू

उद्यमनगरच्या त्या गल्लीत आता दोनच भट्ट्या पेटतात.
तिसऱ्या शेडच्या दारात, पालथ्या खोक्यावर
माझा धाकटा भाऊ नेमगोंडा
दिवाळीपासून बसलाय.

'काय करायलास रे?'
'बसलोय की.'

दुसरं काही सांगत नाही. सांगण्यासारखं
काही झालेलंही नाही तसं.
भांडण नाही, आजार नाही, घरातलं कुणी गेलेलं नाही.
पंचवीस वर्षं सागवानात साचे कोरले त्यानं,
पंपांचे, पुल्यांचे, एकदा तर आख्ख्या गिअरबॉक्सचा,
आणि एका सकाळी पटाशीला धार लावली
आणि तशीच ठेवून दिली.

त्याची बायको म्हणते, नजर. मामा म्हणतात, टेन्शन.
राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर
एक इंग्रजी शब्द लिहिला,
तो औषधवाल्याला कळला, आम्हाला नाही.

मी आठवी-नववीला संस्कृत शिकवते.
दुसरं काही येत नाही म्हणून
त्या रात्री कोश काढला.
विषाद. वि अधिक सद्.
सद् म्हणजे बसणे;
खाली बसणे, खचणे, रुतत जाणे.
म्हणजे हा इतके महिने
व्याकरणशुद्ध उत्तर देत होता.

सद्‌मधला स तसा सरळ, दातांपाशी उभा.
पण वि-च्या इकाराशेजारी आला
की जीभ मागं दुमडते, मूर्धेला जाऊन टेकते,
स-चा ष होतो.
पोरं विचारतात, बाई, असं का?
नियम आहे, म्हणते मी.
शेजार असा पडला की अक्षरसुद्धा वाकतं.

पानं उलटताना प्रसाद दिसला.
तोच धातू. तिथं स वाकलेला नाही.

पुराच्या साली शाहूपुरीतल्या आमच्या घरात
कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर
ओट्यावर एक पातेलं सापडलं, त्याच पाण्यानं भरलेलं.
आवरायचं इतकं होतं की त्याला कुणी हात लावला नाही.
तिसऱ्या दिवशी बघितलं तर
वर नितळ पाणी, अगदी पिऊन टाकावं असं,
आणि तळाला बोटभर गाळ.
गाळ बसला, तो विषाद.
पाणी निवळलं, तो प्रसाद.
बसणं एकच होतं.

हे सांगायला गेले त्याला, मधल्या सुट्टीत, रिक्षा करून.
शेजारच्या शेडमध्ये ओतकाम चाललं होतं,
धातू म्हणजे काय ते तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.
तो ऐकत राहिला. मग म्हणाला,
'ताई, तुझा धातू वितळतो का?'

मला उत्तर आलं नाही.

वर काढणारा एक उपसर्ग आहे आपल्याकडं, उत्.
पण सद्‌ला उत् लावला तर
उठणं होत नाही, उत्साद होतो. नाश.
हे मी त्याला सांगितलं नाही.
दंडाला धरून त्याला जोतिबाला न्यायला निघालेल्या
मामांना मात्र सांगायला हवं होतं.

उप म्हणजे जवळ, हेही सांगितलं नाही.
भुशात आणखी एक खोकं पडलं होतं,
झटकलं, पालथं घातलं, बसले.

'शाळा न्हाई व्हय तुला?'
'हाय की.'

पलीकडं रस काळ्या वाळूत उतरत होता,
उजेड आमच्या पायांपर्यंत येऊन थांबला.
दुपारची घंटा केव्हाच झाली असणार;
नववी ब-मध्ये आता गोंधळ चालू असेल.
बऱ्याच वेळानं त्यानं हात लांब करून
फळीवरची पटाशी घेतली,
अंगठ्यावर धार बघितली,
परत ठेवली.

'गंज न्हाई धरला अजून,' म्हणाला.