दहा मिनिटं वैध

दर महिन्याच्या एकोणीस तारखेला, रात्री,
पोळ्या होत आल्या की गोवर्धनचा फोन यायचा.
"आला का?"
मी पिठाच्या बोटानं मोबाईल सरळ करून
सहा आकडे वाचायची, दोन-दोनच्या जोडीनं.
"हं," म्हणायचा. ठेवायचा.
एवढं कान देऊन त्यानं माझं
दुसरं काही ऐकल्याचं आठवत नाही.

दुकानाला नाव माझं. वैजयंता ट्रेडर्स,
सिमेंट, सळाख, टिनपत्रे, वरुड रोड.
पाटी रंगवून आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या,
"बायकोचं नाव कोनी असं रस्त्यावर लावते का?"
मला ते प्रेम वाटलं.
असेलही. त्याच्या नावावर आधीच एक बुडीत फर्म होती
हे मला घटस्फोटाच्या अर्जात कळलं,
परिच्छेद अकरा.

आता मी बेनोड्यात, एका खोलीत.
अंगणवाडीत मदतनीस, मटकीची उसळ शिजवते.
तो तिकडेच. एकोणीस तारीख मात्र आमच्यात उरली.
"आला का?"
पोरगी कशी आहे, विचारत नाही.
आणि मी सांगतही होते,
सवयीनं, भांडण नको म्हणून,
आणि थोडं असंही, की एवढं तरी राहावं.

वरुडच्या निंभोरकर मॅडम, चष्मा कपाळावर,
टेबलाखाली चप्पल काढलेली.
त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"हे सिमेंट तुम्ही पाह्यलं?"
अकराशे पोती. एकट्या मार्चात.
आमच्या गोदामात साडेतीनशेच्या वर मावत नाही,
कोपऱ्यात मांजर व्यायली तरी अडचण व्हायची.
"म्हंजे कागदावर आलं अन् कागदावरच गेलं.
अन् दर खेपेला सही तुमची."
मी म्हटलं, सही नाही केली, मी आकडे सांगितले.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
पंखा फिरत होता.

वकिलानं तडजोडीत ओळ घातली होती:
आजवरचा कर, व्याज, दंड
पक्षकार क्रमांक एक भरेल.
मला ती आतून लावलेली कडी वाटली.
"ताई, हे तुमच्या दोघांतलं," मॅडम म्हणाल्या.
"सरकार या कागदावर सही करून नाही रायलं.
नोटीस पॅनकार्ड पाहून येते, अन् पॅन तुमचा.
पह्यले चलन भरून आन म्हना, मंग सही.
नसंल भरत तं नाक्यावरचा प्लॉट तारण लिहून घ्या.
पोटगीचं मागाहून."

मामा म्हणाले, "जाऊ दे न, कायले वाढवतं.
सुटली तं सुटली."
मी तारीख मागून घेतली. दोनदा.
कोर्टाच्या व्हरांड्यात गोवर्धन मला
पहिल्यांदा अहो-जाहो बोलला.

काल एकोणीस होती.
पोरगी गणित करत बसलेली. मोबाईल वाजला.
सहा आकडे, आणि त्याखाली बारीक:
दहा मिनिटं वैध, कोणालाही सांगू नका.
इतक्या वर्षांत ही ओळ मी वाचलीच नव्हती.
मग त्याचा फोन. वाजू दिला.
पुन्हा. पोरीनं वर पाहिलं. "बाबाचा हाय."
"हाय," म्हटलं.
पुन्हा.
दहा मिनिटं म्हणजे
कुकरच्या तीन शिट्ट्या
आणि हातचा चुकलेली एक वजाबाकी.

आज नोंदणी रद्द करायचा अर्ज.
त्यालाही ओटीपी लागतो.
"आला का?" मॅडमनी विचारलं
आणि मला वाचायला वेळ लागला.

रद्द झालं म्हणून मागचं पुसत नाही,
सहा वर्षं कागद जपा, म्हणाल्या.
दुकानातून बिलांचे गठ्ठे आणलेत.
भरायला पोतं शोधलं, सिमेंटचंच निघालं,
खरंखुरं एक.
झटकलं तर अंगणभर राखाडी उडाली
अन् पोरगी शिंकली.