अर्थिंग

रविवारी माग बंद, म्हणून शेडमध्ये आम्ही.
अशोक चौकाच्या मागल्या गल्लीत, दासरींचा कारखाना,
आठ यंत्रमाग, प्रत्येकावर अर्धा राहिलेला टॉवेल,
आणि मधल्या वाटेत पंधरा इंची स्पीकरचं खोकं,
जे मौलाली सायकलला बांधून आणतो,
न पाडता, अजूनपर्यंत तरी.

चौघं बेसवाले.
एका गावात चार म्हणजे तीन जास्तच,
असं सायलस लोंढे म्हणतो,
जो चर्चमध्ये पाच तारा वाजवतो
आणि पाचवी वर्षातून एकदा, नाताळला.

बोलणं तेच ते.
तारा जाड की बारीक. बोटं की प्लेक्ट्रम.
व्यंकटेशनं पुण्याहून जुना ऑक्टेव्ह पेडल आणलाय.
"पाय दिला की एक सप्तक खाली जातंय बे!"
"आणखी खाली कुठं? आपण तळालाच हाय की बे."

सायलस कॉम्प्रेसरबद्दल बोलतो
ते घरातल्या थोरल्या सुनेबद्दल बोलावं तसं:
उसळलेलं दाबते, दबलेलं वर उचलते,
आणि तिनं काही केलं
हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

मौलाली अँपच्या पाठीत डोकं घालून:
"छापलेत तीनशे वॉट. निघतात साठ.
बाकीचे छापणाऱ्याच्या घरी."

मी बँजो पार्टीत. टेम्पोवर, जनरेटरला पाठ लावून.
नवा संच म्हणजे माझ्या दोन वराती,
म्हणून मी तारा उकळतो.
दासरी काकूंच्या भाताच्या पातेल्यात,
चिमूटभर सोडा, वीस मिनिटं.
काकू तेलुगूत काहीतरी म्हणाल्या,
व्यंकटेशनं त्याचं भाषांतर केलं नाही.

तारांतून जे सुटलं ते काळं पाणी:
पाच वर्षांचा घाम, गुलाल,
कुणाकुणाच्या हळदी,
डिझेलचा धूर.

आणि तो गुंजारव.
पेडल काढला, तरी घोंऽऽ.
केबल बदलली, तरी घोंऽऽ.
गिटारच उपसली. घोंऽऽ.
"पन्नास हर्ट्झ," मौलाली म्हणाला,
"तिसऱ्या पट्टीच्या जीपेक्षा केसभर चढा.
सरकारी सूर आहे, जुळवून घ्या, नाहीतर—"
आणि बोलता बोलता बाहेर गेला.

भिंतीकडेला अर्थिंगचा खड्डा.
मे महिना. मीठ-कोळसा भाजलेल्या शेंगदाण्याच्या
टरफलासारखा कोरडा.
"एक बादली पाणी लागेल."
काकूंनी दारातूनच पाहिलं.
नळाला पाणी परवा.
घरात एक घागर, तीही प्यायची.

मग मी पातेलं उचललं.
तारा चिमट्यानं बाजूला घेतल्या,
आणि ते पाणी, सगळ्या वरातींचं,
खड्ड्यात ओतलं.
जमिनीनं भसकन आवाज केला
आणि आत शेडमध्ये
गुंजारव थांबला.

इतकं शांत, की सायलसच्या घड्याळाची टिकटिक.
"बघा," मौलाली म्हणाला, "वॉट नव्हते कमी,
माती कमी होती."

मल्लय्या दासरी, व्यंकटेशचे वडील,
दर रविवारी स्टुलावर बसतात, खोक्यावर तळवा ठेवून.
अडतीस वर्षांच्या खडखडाटानं कान केव्हाच नेले.
आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला टेकायला काहीतरी लागतं.

त्यांनी तळवा उचलला.
वर दिव्याकडे पाहिलं,
मग आमच्याकडे.
"लाईट गेली काय?"

दिवा चालू होता.

मी ओल्याच तारा चढवायला घेतल्या.
बोटं भाजली थोडी.
उकळलेली ई जुळायला वेळ घेते, पुन्हा पुन्हा उतरते,
आणि तोवर त्यांचा हात
खोक्यापासून चार बोटं वर,
तसाच.