सातावरची आडवी रेघ

मे महिन्यात सीझन सुरू झाला तेव्हा
जोहान्सबर्गबाहेरचं गवत वाळून सिंहाच्या रंगाचं,
सकाळी त्यावर हिम,
आणि वाइनंडचा चेंडू पांढऱ्यात पांढरा हरवलेला.
शोधायचं काम माझं.
खांद्यावर बावीस किलो, खिशात वही,
वहीत प्रत्येक होलची अंतरं, मीटरमध्ये, माझ्या हातची:
पाण्याच्या नळापासून, बंकरच्या ओठापासून,
एका ठिकाणी तर मुंग्यांच्या वारुळापासून.

लोकांना वाटतं गोल्फ म्हणजे निवांतपणा.
बघायला या म्हणावं,
नेल्सप्रुइटच्या टॅक्सीतळामागं एका खोलीत चार कॅडी,
लुंगिसा घोरतो, झोलाचे मोजे खिडकीच्या गजांना,
आणि शुक्रवारी संध्याकाळी कट जाहीर झाला
की निम्म्या गाद्या रिकाम्या.
खेळाडू कटच्या बाहेर, तर आठवड्याची मजुरी तेवढी हातावर.
आत, तर त्याच्या कमाईतले सात टक्के.
सात. हा आकडा ध्यानात ठेवा.

झांबियात माकडानं चेंडू पळवला.
मालेलानेला एका तळ्याकाठी मगर पसरलेली,
वाइनंड तिच्याकडे बघत म्हणाला,
हिचा तरी पोटापाण्याचा प्रश्न सुटलाय.
प्रिटोरियात ग्रीनवर जाकारंडाचा जांभळा सडा,
मी एकेक फूल वेचून पटची वाट मोकळी केली
आणि चेंडू गेला, गेला, आणि कडेवर थांबला,
विहिरीत डोकावणाऱ्या पोरासारखा.
मग विजांचा भोंगा. खेळ बंद.
पत्र्याच्या शेडखाली सगळे
बेचाळिसावे, अठ्ठावन्नावे, एकसष्टावे
एका बाकावर, एकाच पिशवीतलं बिल्टाँग चघळत.
पहिला असतो तो अशा वेळी कुठं बसतो
मला माहीत नाही.

मग जॉर्ज. फेब्रुवारी. शुक्रवार.
डोंगरावरून ढग खाली सरकलेला.
सोळाव्यावर त्यानं विचारलं, किती?
मी वहीत बघून म्हणालो, एकशे एक्केचाळीस.
नऊ नंबर हातात दिला.
फटका असा की पलीकडच्या ग्रीनवरचा माळीही वळला.
चेंडू ध्वजाच्या रोखानं, सरळ, शहाण्या मुलासारखा,
आणि सहा मीटर अलीकडे
तळ्यात.
"वारा," तो म्हणाला.
"वारा," मी म्हणालो.
पान हलत नव्हतं.

रात्री मोबाइलच्या उजेडात वही उघडली.
एक नव्हताच तो. सात होता.
एकशे सत्तेचाळीस.
घाईत काढलेला माझाच सात, आडव्या रेघेशिवाय,
जी रेघ म्झामाने बाईंनी
बोटांवर पट्टी मारमारून शिकवली होती.

कट दोन फटक्यांनी हुकला.
मार्चअखेर यादीत आम्ही सत्त्याहत्तरावे.
पुढच्या वर्षाचं कार्ड पहिल्या पंच्याहत्तरांना.
मी कुणाला काही बोललो नाही.
कारू ओलांडताना आठ तास गाडीत शेजारी बसून
मेंढ्या मोजल्या, पवनचक्क्या मोजल्या,
तोंड दोनदा उघडलं,
दोन्ही वेळा विचारलं, पाणी हवं का.
बोफर्ट वेस्टला त्यानं पेट्रोल भरलं,
माझ्यासाठी एक मटणपाय आणला, गरम,
आणि बायकोला फोनवर म्हणाला, वाऱ्यानं घात केला.

आता पुन्हा पात्रता फेरी.
पहाटे गाडीच्या टपावर वही ठेवलेली सापडली.
आदल्या रात्री त्यानं मागून नेली होती,
म्हणाला होता, झोप येत नाहीये, चाळतो जरा.
उघडली.
सगळ्या सातांवर हिरव्या पेन्सिलीची रेघ.
झांबियाच्या. प्रिटोरियाच्या. वारुळाच्या पानावरच्या.
जॉर्जचं पान मी शेवटी उघडलं.
तिथंही.
बाकी काही लिहिलेलं नाही.

पहिला टी. हदेदा पक्षी डोक्यावरून
कुणाची तरी तक्रार घेऊन ओरडत गेले.
ड्राइव्ह बरा पडला, जरा डावीकडं.
चेंडूपाशी पोचलो. हात पुढं करून तो म्हणाला, किती?
एकशे सदतीस.
"रेघेसकट?"
मी बॅगेचा पट्टा उगाच सारखा केला.
"रेघेसकट," म्हणालो,
आणि तो क्लब निवडायला वाकला.