न छापायच्या ओळी

खणभागात, पिठाच्या गिरणीला लागून माझं डीटीपी.
भूपाल मगदूम पहिल्यांदा आले तेव्हा मी
हळदीच्या भावाचा तक्ता माऊसनं ओढत होते.
एक रेघ सरळ केली की दुसरी सरकायची,
राजापुरीचा दर सेलमच्या खान्यात जाऊन बसायचा,
आणि आडत्याचा फोटो
न विचारता पुढच्या पानावर निघून जायचा.

"दिसतं तस्संच छापतं हे," मी म्हणाले.
"दिसतंय की. पण तुझं ऐकत न्हाई."

तीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस.
नातवानं, श्रेणिकनं, त्यांना काळा पडदा दाखवला:
चित्र नाही, बटण नाही,
ओळीच्या तोंडाशी एक टिंब, टिंबापुढे दोन अक्षरं.
इथून परिच्छेद. इथं जाड. इथं जागा सोड.
मगदूमांनी चष्मा पुसला.
हे तर संपादकाचं समासातलं अक्षर,
इथे ग्रेट घ्या, इथे पाईका.
सांगायचं वेगळं, छापायचं वेगळं.

मी बाजू घेत नाही.
त्यांची पहिली प्रत निघाली तेव्हा
ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं उभी,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.
मी माझ्या चोरीच्या सीडीवरच्या प्रोग्रॅमात
तोच शब्द धड काढून दाखवला,
मिरवलेही थोडी.
श्रेणिक महिनाभर जागला.
टिंबं गेली, तिरप्या रेघा आल्या,
वेलांटी घरी आली.

मग मगदूम एका बोटानं लिहीत बसले:
हरिपूरची पेवं.
कुणाचं, किती हात खोल, किती पोती हळद.
छप्पन्न पानं, दोनशे प्रती,
निम्म्या अजून माझ्या माळ्यावर.

परवा व्यापारी मंडळाचा फोन: दुसरी आवृत्ती काढू.
मुखपृष्ठाची माझी तेव्हाची फाईल उघडली
तर नुसता इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा.
तो फॉन्ट विकणारा दुकान बंद करून गेला कधीच.
मगदूमांची फाईल मात्र फोनवरसुद्धा उघडली,
मगदूम नसताना.

आणि तिच्यात टक्क्याच्या खुणेनं सुरू होणाऱ्या ओळी,
यंत्र ज्या वाचत नाही, वगळून पुढं जातं.
% हा आकडा ऐकीव. खरा कुणालाच ठाऊक न्हाई.
% डोळा दुखतोय. उरलेलं उद्या.
% या पेवाचा मालक मला पोरगी देणार होता.
% रत्नमाला चहात साखर विसरते. बोलायचं न्हाई.

पेव उघडलं की आधी कंदील सोडतात आत,
विझला तर माणूस उतरवत नाहीत.
पान बारावर त्यांनीच लिहिलंय.
मी तशीच खाली खाली सरकत गेले.

मंडळ म्हणालं, वर्डमध्येच द्या, मॅडम,
आम्हाला नावं मागंपुढं करायची असतात.
सगळं उचललं, नव्या पांढऱ्या पानावर टाकलं,
तर त्या ओळीही आल्या,
पेवांच्या मापांत मिसळून, उघड्यावर.
इथं काही वगळलं जात नाही.
दिसतं तस्संच छापतं.

एकेक ओळ काळी केली, पुसली.
पोरगीची पुसताना जरा वेळ लागला.

चहाची ठेवली.
पान चाळीस, तळाशी.
प्रूफ वाचणाऱ्यानं काढली तर काढली.